इवागोची सात घरं

शिगेनो : फोटोचं तेवढं राहू दे. प्रशस्तिपत्रक आणलंयस ना, ते दे. भिंतीला लावते, विषय संपला.

काजितानी : असं कसं, शिगेनो-सान? नगराध्यक्षांनी बजावून पाठवलंय मला. इवागो वाडीच्या सातही घरांची माणसं एका ओळीत उभी, मधोमध वाडीप्रमुख म्हणून तुम्ही. नगरपत्रिकेच्या पहिल्या पानावर येणार आहे.

शिगेनो : नगराध्यक्षाला म्हणावं, आधी हा चढ चढून दाखव, मग आम्हाला ओळीत उभं कर. एवढं काय मोठं केलंय आम्ही?

काजितानी : तुम्हाला खरंच कल्पना नाही? आमच्या संगणक विभागात इवागोचं नाव निघालं की सगळे माना डोलावतात. एकोणचाळीस वाड्यांत आपली सूचनांची फिरती पाटी आता टॅबलेटवर फिरते. एका घरानं शिक्का दाबला की पुढच्या घरी दिसते, तिथं दाबला की त्याच्या पुढच्या. आणि कुठं ना कुठं अडकतेच. स्टेशनमागच्या वाडीत ऑगस्टमधली कचऱ्याची सूचना अजून तिसऱ्या घरात लोळतेय. तुमच्याकडे? सात घरं, चाळीस मिनिटं. अडीच वर्षांत एकदाही अडकली नाही. हेल्पलाइनवर एक तक्रार नाही!

शिगेनो : तक्रार नाही म्हणे. रताळं घे. साल काढू नको, सालीसकट खायचं असतं.

काजितानी : घेतो. पण आधी सगळ्यांना हाक मारा ना. मला दुपारी खाली पोचायचंय, उद्या वादळ आहे.

शिगेनो : मारते की. कोण कोण हवंय तुला?

काजितानी : यादीच आहे. पाणचक्कीच्या घरच्या फुसा-सान.

शिगेनो : तिचे गुडघे धरलेत.

काजितानी : नव्या घरचे नवरा-बायको.

शिगेनो : नवं म्हणायचं आपलं, शंभर वर्षांचं आहे ते घर. ते दोघं मुलीकडे गेलेत.

काजितानी : कधी येतील?

शिगेनो : ते मुलीला विचार.

काजितानी : बरं. तोफूवाले?

शिगेनो : तो कुणाच्या हाकेला आलाय कधी? बायकोनं जेवायला बोलावलं तरी अर्धा तास यायचा नाही.

काजितानी : देवळाखालच्या? सुतार? वरच्या घरचे? शिगेनो-सान, अकरा माणसं आहेत यादीत. एक तरी रिकामं असेल ना!

(टॅबलेटवर सूचनेचा सूर वाजतो.)

शिगेनो : आली. पाटी आली. तू बस, चहा ओतून घे. मी आलेच चाळीस मिनिटांत.

काजितानी : चाळीस मिनिटांत? निघालात कुठं? इथंच वाचायचं, इथंच शिक्का दाबायचा. ती आपोआप जाते पुढं.

शिगेनो : केवढे प्रश्न पडतात रे तुला! बूट कुठं गेले माझे?

काजितानी : आणि कमरेला घंटी कशाला बांधताय?

शिगेनो : अस्वलासाठी. यंदा फार खाली उतरलीत मेली. दोघं असली की माणसं बोलत बोलत जातात, तेवढ्यावर अस्वल लांब राहतं. एकट्यानं काय बोलायचं? म्हणून घंटी.

काजितानी : आणि हा किल्ल्यांचा जुडगा? सहा किल्ल्या आहेत.

शिगेनो : मोजता येतं तुला. छान.

काजितानी : शिगेनो-सान, या वाडीत कोण कोण राहतं?

शिगेनो : मी राहते.

काजितानी : आणखी?

शिगेनो : रताळं गार होतंय तुझं.

काजितानी : शिगेनो-सान.

शिगेनो : कुणी नाही! झालं समाधान? तोफूवाला तीन वर्षांपूर्वी गेला. देवळाखालची त्याच थंडीत. सुताराला मुलानं ओसाकाला नेलं, अकराव्या मजल्यावर ठेवलंय. नव्या घरचे मुलीकडे ते कायमचेच. वरच्या घरचे चौघं खाली नव्या वसाहतीत उतरले. राहिली होती फुसा. तिला मार्चमध्ये वृद्धाश्रमात ठेवलं. परवा बसनं भेटायला गेले, तर मला म्हणते, ‘तुम्ही कुणाच्या घरच्या?’

काजितानी : मग हे शिक्के? प्रत्येक सूचनेला सात-सात शिक्के येतात आमच्याकडे!

शिगेनो : मी मारते. कुलूप काढायचं, शिक्का मारायचा, कुलूप लावायचं, पुढच्या घरी जायचं. मुलांनी वीज तोडलेली नाही, ऑगस्टात पितरांसाठी दिवे लावायला येतात ना. वरच्या घराची तेवढी तोडलीय. तिथला टॅबलेट मी इथं आणून चार्ज करते आणि परत नेऊन ठेवते.

काजितानी : सगळे इथंच आणून ठेवले असते तर निदान हा चढ तरी...

शिगेनो : घराची पाटी घरातच पाहिजे. काय बोलतोस!

काजितानी : पण हा खोटेपणा झाला, शिगेनो-सान. कुणाला तरी कळवायचं होतं. हेल्पलाइन कशासाठी आहे?

शिगेनो : केला होता की फोन. तोफूवाला गेला, त्याच्या टॅबलेटवर पाटी अडकली, पुढच्या तीन घरांना काहीच येईना. तेव्हा केला. एक बाई बोलायला लागली. कचऱ्यासाठी एक दाबा, पासवर्डसाठी दोन दाबा, टॅबलेट सुरू होत नसेल तर तीन दाबा. मी म्हणतेय, अहो बाई, शेजारी वारलाय. तिचं आपलं सुरूच. शेजारी वारला, याला कितवा आकडा होता रे?

काजितानी : नव्हता.

शिगेनो : मी चार दाबलं. तर ती पुन्हा पहिल्यापासून. तीनदा केला फोन. तिसऱ्यांदा म्हणाली, आपला प्रश्न सुटला असल्यास फोन ठेवा. ठेवला. गेले तोफूवाल्याच्या घरी आणि मारला शिक्का. पाटी लागली चालायला. सोपं काम होतं.

काजितानी : ती आकड्यांची रचना माझी आहे.

शिगेनो : तुझी? ती बाई?

काजितानी : आवाज तिचा, आकडे माझे. नोकरीतलं पहिलं काम. तुम्ही फोन ठेवलात ना, तो आमच्याकडे ‘प्रश्न सुटला’ म्हणून नोंदला गेला असणार. तिन्ही वेळा. म्हणून इवागोची तक्रार शून्य.

शिगेनो : आणि त्याचं हे प्रशस्तिपत्रक.

काजितानी : हो.

शिगेनो : कागद मात्र चांगला आहे. जाड आहे. तोंड कशाला पाडतोस? तुझ्याआधी हिरोओका-सान होते, तेव्हा फोन तेच उचलायचे. ओळखायचास त्यांना?

काजितानी : मी लागलो त्याच वसंतात ते गेले. पाटीची सगळी सिस्टिम त्यांचीच. सर्व्हरच्या खोलीच्या दारावर त्यांच्या हातचा कागद होता. गेल्या वर्षी रंगकाम झालं, तेव्हा निघाला. मी फोटो काढून ठेवलाय.

शिगेनो : काय होतं त्यात?

काजितानी : थांबा हं. ‘सिस्टिम बंद पडली तर चालेल, गप्प बसता कामा नये. म्हातारं माणूस चुकलं तर बटण चुकलंय असं समज. शुक्रवारी काही बदलू नकोस, बिघडलं तर सुट्टीत दुरुस्तीला कुणी नसतं. आणि कुठून बरेच दिवस तक्रार आली नाही, तर जाऊन बघ.’

शिगेनो : तू आलास की जाऊन बघायला.

काजितानी : मी फोटो काढायला आलो होतो.

शिगेनो : हे बोललास ते बरं केलंस. तो माणूस इथं, तू बसलायस तिथंच बसायचा. टॅबलेट माझ्या मांडीवर ठेवायचा आणि नुसता माझ्या बोटाकडे बघायचा. शिकवायचा नाही काही. म्हणायचा, ‘तुम्ही दाबा, कुठं अडता ते मला बघू दे.’ मी अडले की हा वहीत लिहायचा. पुढच्या खेपेला ते बटण मोठं झालेलं असायचं. शिक्क्याचा लाल रंग त्यानं चारदा बदलला. फुसा म्हणाली होती, आमच्या शाईच्या डबीसारखा नाही दिसत.

काजितानी : आमचे कंत्राटदार अजून हसतात त्यांना. म्हणतात, सूचना एकदम सगळ्या घरांना गेली असती की! या घराकडून त्या घराकडे कशाला फिरवायची?

शिगेनो : मीही विचारलं होतं. तर म्हणाले, ‘शिगेनो-सान, लाकडाची पाटी होती तेव्हा तुम्ही ती वाचायचात का?’ मी म्हटलं, छे, कोण वाचतं! पण फुसाकडे द्यायला जायचे. लोणचं चाखायचे, सासूला शिव्या घालायचे आणि यायचे. तर म्हणाले, ‘बस, तेवढंच मला राखायचंय.’ आणि खरंच, टॅबलेट आल्यावरही मी शिक्का मारला की फुसाच्या दारात जाऊन ओरडायचे, पाटी आली का गं! सगळ्याचा विचार केला त्या माणसानं. पलीकडच्या दारात कुणी नसलं तर काय, एवढा एक राहिला.

काजितानी : एक विचारू? पाणचक्कीच्या घरी शिक्क्याला नेहमी पाच मिनिटं लागतात आणि तोफूवाल्यांकडे पाच सेकंद. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही. त्यामुळेच आम्हाला संशय आला नाही. ते कसं?

शिगेनो : फुसाला वाचायला वेळ लागतो. चष्मा शोधायचा, मग तो पुसायचा. तोफूवाला वाचायचाच नाही.

काजितानी : म्हणजे तुम्ही तिथं बसून राहता? रिकाम्या घरात? पाच मिनिटं?

शिगेनो : दारातून हाक मारते, पाटी आणली हो! मग पायरीवर टेकते. तिचं वाचून होईपर्यंत. घाईनं मारला तर तो तिचा शिक्का कसा होईल? हसू नको.

काजितानी : मी हसत नाहीये.

शिगेनो : मग जाऊ दे आता मला. उशीर झालाय, वरचं घर म्हणेल, आज काय झालं हिला.

काजितानी : शिगेनो-सान, बसा. आज नाही मारता यायचे ते शिक्के. ऐका माझं. उद्याच्या वादळात हा कडा घसरला, तर शेजारच्या शहरातून बचावपथक येईल. त्या लोकांना इथलं काही ठाऊक नाही. त्यांच्या हातात आमची यादी असेल, या शिक्क्यांवरून केलेली. इवागो, सात घरं, अकरा माणसं, सगळी घरं राहती. तुम्हाला बाहेर काढतील आणि बाकीची दहा शोधत बसतील. चिखलात, दोर बांधून. कुणाला तरी तोफूवाल्यांच्या छपराखाली शिरावं लागेल.

शिगेनो : कुणी नाहीये तिथं.

काजितानी : तुम्हाला ठाऊक आहे. आता मलाही. त्यांना नाही. यादी आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते. त्याआधी मला सहा घरं काढावी लागतील.

शिगेनो : वादळ झाल्यावर काढ.

काजितानी : नाही जमणार.

शिगेनो : मग एक कर. माणसं काढ, घरं राहू दे. घरानं काय कुणाचं वाईट केलंय?

काजितानी : पाटीत रिकामं घर ठेवता येत नाही. तिथं ती थांबते.

शिगेनो : मी जाईन की शिक्का मारायला! आजवर कधी चुकले का? ऊन म्हटलं नाही, बर्फ म्हटलं नाही. फेब्रुवारीत वरच्या घराची वाट फावड्यानं मोकळी केली मी. तू म्हणतोस खोटेपणा. असेल. पण सकाळी उठून मला कुठंतरी जायचं असतं रे! सहा दारं असतात, सहा नावं असतात. हाक मारताना घशातून आवाज निघतो. पाटी नसते त्या दिवशी मी दिवसभर बोललेली नसते, ते संध्याकाळी लक्षात येतं. तू ती घरं काढलीस की मी कागदावर एकटी होईन. आत्तापर्यंत नुसती अशीच एकटी होते, ते सोसत होते.

काजितानी : यादी संध्याकाळीच जाते, शिगेनो-सान.

शिगेनो : कळलं. कुठं काढतात ती घरं, या फोनवर?

काजितानी : हो.

शिगेनो : मग माझ्यासमोर काढ. मी नावं घेते. अंधारात बसून पुसलीस असं नको. वरचं घर.

काजितानी : काढलं.

शिगेनो : सुताराचं. माझ्या घराची ही दारं त्यानं बसवलीत, अजून बोटानं सरकतात. काढलंस?

काजितानी : हो.

शिगेनो : देवळाखालचं. तोफूवाला. नवं घर. हळू, हळू. नव्या घरी लग्न होऊन आलेल्या सुनेला मी पहिल्या दिवशी विहीर दाखवली होती. आता तीच सत्तरीची झाली.

काजितानी : तिन्ही झाली. पाणचक्की राहिलं.

शिगेनो : ते थोडं थांब.

काजितानी : थांबतो.

शिगेनो : तिचं वाचून होऊ दे.

काजितानी : थांबलोय. सावकाश.

शिगेनो : काढ आता.

काजितानी : काढतोय. घेत नाहीये हे. काहीतरी चूक दाखवतंय.

शिगेनो : हिरोओका-सानचं यंत्र आहे, चुकायचं नाही. वाच काय म्हणतंय.

काजितानी : ‘एका घराची वाडी होत नाही. पुढचं घर कुठलं हवं, ते त्या घरालाच विचारा. फोनवर नको, जाऊन विचारा. हिरोओका.’ हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एका घरापर्यंत आजवर कुठली वाडी आलीच नव्हती बहुतेक.

शिगेनो : म्हणजे तेवढा एकही राहिला नव्हता त्यांचा. लबाड माणूस! कधी बोलला नाही.

काजितानी : मग विचारतो. शिगेनो-सान, पुढचं घर कुठलं हवं?

शिगेनो : आता कुठलं आणू मी घर? तू कुठं राहतोस?

काजितानी : मी? स्टेशनमागं. तिसरा मजला, खोली क्रमांक तीनशे चार.

शिगेनो : घरी कोण असतं?

काजितानी : कोणी नाही. मूळचा मी निइगाताचा. नोकरीपुरता इथं.

शिगेनो : शेजारी?

काजितानी : तीनशे तीनमध्ये कुणीतरी खोकतं. पाहिलेलं नाही.

शिगेनो : आणि पाटी? तुझ्याकडे कोण आणतं?

काजितानी : आमची इमारत कुठल्याच वाडीत नाही. मी एकोणचाळीस वाड्यांची पाटी चालवतो, माझ्याकडे येत नाही.

शिगेनो : अरे देवा. मग लिही.

काजितानी : काय लिहू?

शिगेनो : इवागो, पहिलं घर उराता शिगेनो. दुसरं घर काजितानी. पुढचं नाव काय तुझं?

काजितानी : मासुमी. पण ऐका, एक आधीच सांगतो, नंतर खोटं ठरायला नको. एप्रिलमध्ये आमच्या बदल्या होतात. मला तीन वर्षं झाली, पाणीखात्यात टाकतील. कदाचित दुसऱ्या गावालाही.

शिगेनो : मग एप्रिलपर्यंत. मी कुठं म्हणतेय जन्मभर? तोफूवाल्यानं तरी कुठं साथ दिली जन्मभर.

काजितानी : आणि रोज वर यायला मला जमणार नाही.

शिगेनो : येऊ नको. शिक्का मार फक्त. आणि वाचून मार, तोफूवाल्यासारखा नको. तू तिथं किती मिनिटं लावलीस ते मला इथं दिसेल ना?

काजितानी : दिसेल. घेतलं यानं. इवागो, दोन घरं. पाणचक्कीचं घर निघालं, शिगेनो-सान.

शिगेनो : बरं. आता हा माझा शिक्का. बघ, तुझ्याकडे आली का?

काजितानी : आली.

शिगेनो : मोठ्यानं वाच.

काजितानी : ‘वादळाची पूर्वसूचना. वरच्या वाड्यांतल्या रहिवाशांनी उद्या दुपारी बाराच्या आत शाळेच्या सभागृहात यावं. अंथरूण, औषधं आणि दोन दिवसांचं खाणं सोबत आणावं.’ तुम्ही येणार होतात का?

शिगेनो : छे. मी गेले असते तर बाकीच्यांचे शिक्के कुणी मारले असते?

काजितानी : आता?

शिगेनो : आता तू मार आधी. मग सांगते.

काजितानी : मारला.

शिगेनो : आली परत. दोन घरं, दोन शिक्के. चष्मा न शोधतादेखील बराच वेळ घेतलास. बस, येते मी तुझ्या गाडीतून. रताळी बांधून घेते. पण त्याआधी सहा घरांची वादळात लावायची बाहेरची दारं ओढून घ्यायला हवीत, वाऱ्यानं आत पाणी शिरेल. चाळीस मिनिटं लागतील. थांबशील?

काजितानी : थांबू कशाला, येतो ना बरोबर. वरचं घर आधी की पाणचक्की?

शिगेनो : पाणचक्की. नेहमी पाणचक्कीपासून.

काजितानी : आणि ही घंटी राहिली तुमची. घ्या.

शिगेनो : राहू दे ती खुंटीवर. तू आपला बोलत राहा.